शास्त्री नदीवर काम करायचंय? आधी भरती-ओहोटी शिका

नदीवर अभ्यास करायचा म्हणून दरवर्षी बरीच मुलं कोकणात उतरतात. त्यांना शास्त्री खुणावते, आणि ते योग्यच आहे. मुख्य प्रवाहावर मोठं धरण नाही, सह्याद्रीतून निघून कसबा संगमेश्वरावरून जयगडला समुद्राला मिळेपर्यंत पाणी आपल्या चालीने वाहतं, अशी नदी आता शोधावी लागते. नकाशा, जीपीएस, नमुन्यांच्या बाटल्या हे सगळं तुम्हाला येतच असेल. पण खालच्या टप्प्यात काम फसतं ते एकाच कारणाने: नवखा माणूस घड्याळाने जातो आणि नदी तिथीने चालते.

जुना ठोकताळा पाठ करा. तिथीला तीनने गुणायचं, चाराने भागायचं, येईल ती पूर्ण भरतीची वेळ. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ; मग पक्ष शुद्ध असो की वद्य. दुसरी भरती साधारण साडेबारा तासांनी, आणि रोज वेळ पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते. हा हिशेब मुंबईच्या किनाऱ्याचा आहे. जयगडला थोडा फरक पडतो. मोबाइलवर दिसते ती वेळसुद्धा बंदराची असते. आत खाडीकाठच्या फुणगूसला किंवा त्याहून वर तेच पाणी उशिरा चढतं. किती उशिरा, हे कुणाला विचारून वहीत लिहू नका, स्वतः मोजा. दर दहा सेंटिमीटरवर रंगाची खूण केलेली काठी काठाशी घट्ट रोवा आणि भरतीच्या दोन तास आधीपासून दोन तास नंतरपर्यंत दर पंधरा मिनिटांनी आकडा लिहा. उधाणाला (अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराची मोठी भरती) एकदा, भांगाला (अष्टमीच्या सुमाराची लहान भरती) एकदा. कंटाळवाणं काम आहे, पण हे टाळून पुढे केलेलं सगळं वाया जातं. खरंच सगळं.

कारण खारं पाणी जड असतं, ते तळातून पाचरीसारखं आत शिरतं आणि नदीचं गोडं पाणी त्याच्यावर तरंगत राहतं. भांगाला ओढ कमी असल्याने हे थर जास्त स्पष्ट राहतात, उधाणाला पाणी घुसळून निघतं. होडीतून हात घालून बाटली भरली तर तुम्ही फक्त वरचा थर मोजला. तळात कालवं आणि चिंबोऱ्या कशात जगताहेत, याचा पत्ताच नाही. म्हणून एक लिटरच्या बाटलीला दगड बांधा, बुचाला वेगळी दोरी लावा, बाटली तळापासून अर्ध्या मीटरवर थांबवून बूच ओढा, बुडबुडे थांबले की वर घ्या. वरचा, मधला, तळाचा असे तीन नमुने. प्रत्येकापुढे वेळ, तिथी, पाणी चढतंय की उतरतंय. विरघळलेले क्षार मोजणारे, पेनसारखे स्वस्त टीडीएस मीटर इथे आणू नका. ते पिण्याच्या पाण्यासाठी असतात, खाडीच्या पाण्यात त्यांची मर्यादाच संपते. खारटपणा मोजायला हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर पुरतो, फक्त दर सकाळी डिस्टिल्ड वॉटरवर शून्य जुळवून घ्या.

हीच चूक माणसांच्या बाबतीतही होते, आणि ती जास्त बोचते. भरतीला गावात पोचलात तर होडीवाले, पाग (फेकायचं जाळं) टाकणारे पुरुष भेटतात. तिसऱ्या (शिंपले) वेचणाऱ्या, कालवं फोडणाऱ्या बायका ओहोटीला चिखलात असतात. मग अहवालात ‘मासेमारीवर अवलंबून’ म्हणून निम्मं गावच येत नाही. त्यांच्यासोबत ओहोटीला उतरा, त्यांचं काम अडेल असे प्रश्न विचारू नका. ‘उत्पन्न किती?’ याला उत्तर मिळत नाही. ‘काल पाटी कुठे भरली, गेल्या वर्षी तिथेच भरायची का?’ याला मिळतं.

ऊद, म्हणजे पाणमांजर, शोधणाऱ्यांना मात्र भरती मदतच करते. कांदळवनाच्या कडेला भरतीच्या रेषेखाली पावलं दिसली तर ती शेवटच्या भरतीनंतरचीच, त्याआधीची धुऊन गेलेली असतात. विष्ठा उंच खडकावर बघा, त्यात खवले आणि चिंबोरीच्या कवचाचे तुकडे असतात. पण उचलू नका. ऊद संरक्षित प्राणी आहे, नमुना हवा असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी.

वरच्या टप्प्यात भरतीची कटकट नाही. उन्हाळ्यात पाणी डोहांत आकसतं, तेव्हा डोह मोजा; जूनच्या पहिल्या पावसात चढणीचे (प्रवाहाविरुद्ध वर जाणारे) मासे ओढ्यांत शिरतात, तेव्हा ते कुठे अडतात हे बघायला बंधारे बघा. तुमच्या डोक्यावर ऊन असलं तरी पाणी अचानक गढूळ झालं की तत्क्षणी बाहेर या. वर घाटात पाऊस झालेला असतो.

मार्गदर्शकाबद्दल माझं मत ठाम आहे. तक्ते तपासणारे पुष्कळ भेटतील, पण पहिला महिना एखाद्या होडीवाल्या काकांच्या हाताखाली काढा. त्यांना रोजची मजुरी द्या आणि अहवालात नाव घालायचं का, तेही विचारा. जुन्या प्रबंधातले आकडे उचलून काम उरकायचा मोह होईल. त्यात भरतीची वेळ लिहिलेली नसेल तर तो आकडा वापरू नका.

आणि घाबरू नका. पहिल्या पंधरवड्यात वहीत गोंधळच दिसतो, तो सगळ्यांच्या वहीत दिसतो. एक उधाण, एक भांग नीट नोंदवलं की आकडे जुळायला लागतात. होडी चढत्या पाण्याबरोबर वर न्या, ओहोटी लागताच फिरवा. उशीर केलात तर होडी चिखलात बसते आणि पुढची भरती येईपर्यंत हलत नाही, म्हणून प्यायचं पाणी दुप्पट ठेवा.