घरी काडतुसं भरताना बंदुकीची दारू खालच्या मापापासून वाढवा

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी .३०८ विंचेस्टर या मापाची रायफलची काडतुसं घरी भरणार असाल, तर आधी बुलेट बनवणाऱ्या कंपनीचं ताजं लोडिंग मॅन्युअल (कोणत्या काडतुसात किती दारू भरायची ते सांगणारं पुस्तक) समोर ठेवा. त्यातलं सुरुवातीचं माप घ्या; फक्त कमाल माप दिलं असेल तर त्याहून १० टक्के खालून. मग अर्ध्या-अर्ध्या ग्रेनने (ग्रेन म्हणजे दारू तोलायचं छोटं वजन) वर, दर मापाची पाच काडतुसं. बुलेट, प्रायमर (दारू पेटवणारी बुडातली टोपी), पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) यांपैकी एक जरी बदललं, तरी पुन्हा खालून सुरुवात. हा वेळ वाया जात नाही.

प्रत्येक गोळी झाडल्यावर रिकामी पुंगळी उजेडात धरा. बुडावर इजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागाचा) चकचकीत ठसा दिसला किंवा बोल्ट (रायफलचा मागचा खटका) उचलायला जोर लागला, की दाब जास्त झालाय; तिथेच थांबा. उरलेली काडतुसं झाडू नका, उकलून टाका. नुसत्या चपट्या प्रायमरवर मात्र निर्णय घेऊ नका; मऊ प्रायमर कमी दाबातही चपटा होतो.

टेबलावर एका वेळी दारूचा एकच डबा. आणि बुलेट बसवण्याआधी ट्रेमधल्या सगळ्या पुंगळ्यांत टॉर्च मारा. एकीतही दारूची पातळी वेगळी दिसली, तर ती ओतून पुन्हा तोला.