काठी बघून पळणाऱ्या कुत्र्याला काठीनेच शिकवताना

बोंडू आमच्याकडे आला तो पावसाळ्याच्या तोंडावर, गोव्यातल्या फोंड्याच्या बाजारामागच्या गल्लीतून. वय साधारण वर्षाचं, रंग पिकलेल्या काजूच्या बोंडासारखा, म्हणून हे नाव. दुसऱ्या दिवशी सकाळी आईने सोपा झाडायला केरसुणी उचलली आणि हा पलंगाखाली. दुपारपर्यंत बाहेर आला नाही. काठी, केरसुणी, मिटलेली छत्री, या सगळ्यांचा गल्लीतल्या कुत्र्याला एकच अर्थ ठाऊक असतो.

त्यामुळे याला क्लिकर आणि टार्गेट स्टिक, म्हणजे खुणेची काठी, वापरून शिकवायचं ठरवलं, तेव्हा शेजारच्या काकूंनी विचारलंच, "काठयेक भियेता ताका काठयेनच शिकयतली गो?" प्रश्न रास्त होता. तो सोडवताना जे हाती लागलं ते नव्याने शिकू पाहणाऱ्यांसाठी लिहिते आहे. त्यात कुत्र्यापेक्षा माझ्याच चुका जास्त आहेत.

क्लिकर म्हणजे मुठीत मावणारी प्लॅस्टिकची डबी, आत पोलादी पट्टी. दाबली की टक् वाजते. सकाळी पोदेराच्या (पाववाल्याच्या) सायकलचा भोंगा वाजला की बोंडू दाराकडे धावतो, कारण भोंग्यामागून पाव येतो आणि कडेचा तुकडा त्याला मिळतो. क्लिकही सुरुवातीला तसाच शिकवायचा: टक्, लगेच खाऊ, टक्, लगेच खाऊ. दहा-पंधरा वेळा, त्याच्याकडून काहीही न मागता. आवाज ऐकून कुत्रा तुमच्याकडे मान वळवून खाऊ शोधू लागला की झालं. पुढे मात्र भोंगा आणि क्लिक यांची वाट वेगळी होते. भोंगा पोदेराच्या मर्जीने वाजतो. क्लिक कुत्र्याने स्वतः काही केलं तरच वाजतो. हे त्याच्या ध्यानात आलं की तो आपणहून एकेक गोष्ट करून बघायला लागतो. तो चेहरा बघण्यासारखा असतो.

शास्त्र जुनंच आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांनी १९५१ साली 'सायंटिफिक अमेरिकन' मासिकात प्राण्यांना कसं शिकवावं यावर लेख लिहिला, त्यात मुलांचं टकटक वाजणारं खेळणं वापरण्याची सूचना आहे. त्यांचे विद्यार्थी केलर आणि मॅरियन ब्रेलंड यांनी तर १९४० च्या दशकातच प्राणी शिकवण्याचा धंदा थाटला होता. पुढे १९६० च्या दशकात कॅरन प्रायर हवाईमध्ये शिट्टीच्या खुणेवर डॉल्फिन शिकवत होत्या. कुत्रेवाल्यांपर्यंत क्लिकर पोचवण्यात त्यांचा वाटा मोठा. डॉल्फिनच्या गळ्यात पट्टा घालून त्याला ओढता येत नाही, एवढं ध्यानात घेतलं तरी ही पद्धत पाण्यात का रुजली ते कळतं.

आता माझा गोंधळ. बोंडूला बसायला शिकवत होते. आठवडाभरात तो एक विचित्र प्रकार करू लागला: ढुंगण जमिनीला टेकवायचं आणि स्प्रिंगसारखं उठायचं. मला वाटलं, मुळात चंचल आहे. भाच्याने मोबाइलवर चित्रण केलं, ते सावकाश लावून बघितलं तेव्हा माझी मलाच लाज वाटली. तो बसायचा तेव्हा मी मनात "अरे वा" म्हणत असायचे आणि क्लिक वाजायचा तो उठत असताना. मी त्याला उठायलाच शिकवत होते! आणखी एक दिसलं. क्लिकच्या आधीच माझा उजवा हात कमरेच्या पिशवीकडे निघायचा. कुत्रा क्लिक ऐकतच नव्हता, माझ्या कोपरावर नजर ठेवून होता.

त्यावर उपाय कुत्र्याविना करायचा. भाचा टेनिसचा चेंडू सोडायचा, तो जमिनीला लागला त्या क्षणी मी टक् करायचे. बोंडूला तोवर मागच्या परसात आईजवळ ठेवायचं. नाहीतर खाऊविना नुसतेच क्लिक ऐकून त्याचा त्यावरचा विश्वास उडेल. खाऊचा हात पोटाशी स्थिर, क्लिक झाल्यावरच हलणार. एका क्लिकला एक खाऊ, चुकून वाजला तरी द्यायचा. आनंदाच्या भरात टक्-टक्-टक् करायचं नाही.

याच हौसेपायी शेजारची गावठी कोंबडीही शिकवून बघितली. बाटलीच्या लाल झाकणावर चोच मारली की क्लिक आणि तांदळाचे दोन दाणे. कुत्रा तुमची ढिलाई चालवून घेतो, कोंबडी नाही. तिची मान कधी खाली गेली आणि कधी वर आली ते कळतही नाही. ब्रेलंडांच्या परंपरेतले शिक्षक माणसांचा हात बसावा म्हणून कोंबड्या का देतात, ते चार दिवसांत कळलं. काकूंना मात्र मी वेडी झाले असंच वाटलं असणार.

खाऊबद्दल थोडक्यात. तुकडा चवळीच्या दाण्याएवढा, मऊ, पटकन गिळता येईल असा: बिनमिठाची शिजवलेली कोंबडी, उकडलेलं अंडं, पनीर. सुकी सुंगटं (कोळंबी) त्याला जीव की प्राण, पण ती खारट, म्हणून नकोत. मनुके, द्राक्षं, कांदा, चॉकलेट कुत्र्याला विषच. जेवढं शिकवताना दिलं तेवढं रात्रीच्या जेवणातून कमी करायचं. धडा तीन-चार मिनिटांचा, दिवसातून दोनदा. त्याला अजून हवं असतानाच थांबायचं.

टार्गेट स्टिक म्हणजे टोकाला छोटा गोळा असलेली, मागेपुढे सरकणारी काठी. कुत्र्याने टोकाला नाक लावायचं. एवढं आलं की टोक न्याल तिथे तो जातो: गिरकी घेतो, चटईवर येतो, पिंजऱ्यात शिरतो. मी बाजारची काठी आणलीच नाही. स्वयंपाकघरातलं जुनं लाकडी उलथणं जमिनीवर ठेवलं आणि दूर बसले. पहिल्या दिवशी बोंडूने त्याच्याकडे नुसतं बघितलं तरी टक्. दुसऱ्या दिवशी एक पाऊल पुढे आला तर टक्. खाऊ उलथण्यापासून लांब, उलट दिशेला टाकायचे, म्हणजे जवळ राहायची जबरदस्ती नाही. चौथ्या दिवशी त्याने मान लांब करून, मागचे पाय पळायच्या तयारीत ठेवून, नाक लावलं. मग मी उलथण्याचं दुसरं टोक हातात धरलं, तेही जमिनीला टेकवूनच. वर उचलायला आणखी आठवडा गेला, आणि त्याच्या डोक्यावर मी ते आजही नेत नाही.

बरेच जण टोकाला दही किंवा चीज लावायला सांगतात. मला ते पटत नाही. कुत्रा चाटायला शिकतो, आणि दही संपलं की कामही संपतं. टोक चावत असेल तर दात लागण्याआधी, नाक पोचताक्षणी क्लिक करायचा. अंतर वाढवायचं असेल तर फक्त अंतर, हालचाल वाढवायची असेल तर फक्त हालचाल. दहापैकी आठ वेळा जमलं की पुढची पायरी, सलग दोन-तीनदा चुकलं की एक पायरी मागे.

हुकूम सगळ्यात शेवटी. कृती पक्की झाल्यावरच मी "नाक" हा शब्द जोडला. शब्द निवडताना घरातली बोली ऐका. आमच्याकडे "बस" चालेना, कारण आई वाढताना "बस, बस, पुरे" म्हणाली की बोंडू पंगतीत बसलेला असायचा. शेवटी "बैठ" केलं.

पोदेराच्या भोंग्यावर भुंकणं हा खरा प्रश्न होता. आधी उलथण्यामागे चटईपर्यंत नेलं, चटईवर चारही पाय आले की क्लिक. मग उलथणं आखूड धरत गेले, मग नुसता हात, मग तोही नाही. भोंग्याचा आवाज मोबाइलवर अगदी बारीक लावून सुरुवात केली. दोन महिन्यांनी खरा भोंगा वाजला की चटईकडे जायला लागला. पाऊस असला आणि पोदेर उशिरा आला की अजूनही भुंकतो. नरकासुराच्या रात्री, म्हणजे दिवाळीच्या आदल्या रात्री फटाके वाजतात तेव्हा, मी काहीच शिकवत नाही. खिडक्या बंद, पंखा मोठा, आणि मी शेजारी.

आता शनिवार-रविवार ओळखीच्यांचे कुत्रे शिकवते. या कामात यायचं असेल तर दाराला पाटी लावण्याआधी वेगवेगळ्या स्वभावाचे आठ-दहा कुत्रे, शक्य असेल तर प्राण्यांच्या एखाद्या आसऱ्यातले, हाताखालून जाऊ द्या, आणि प्रत्येक धडा चित्रित करा. रेबीजची लस झाली का, हे पहिल्या फोनवरच विचारा. अचानक चावायला लागलेला कुत्रा आला तर आधी पशुवैद्याकडे पाठवा. दुखणं असेल तर क्लिकर काय करणार? आवाजाला दचकणाऱ्यासाठी क्लिकर मोज्यात गुंडाळा किंवा बॉलपेनचं बटण वापरा. आणि गोव्याच्या पावसात पट्टी गंजून आवाज बसतो, म्हणून जून लागण्याआधी एक जादा आणून तांदळाच्या डब्यात ठेवा.

बोंडू सध्या पशुवैद्याच्या वजनकाट्यावर चढायला शिकतो आहे. घरी त्यासाठी पाट ठेवला आहे. पुढचे दोन पाय चढतात, मागचे अजून जमिनीवरच.