एकच पेला, दहा फोटो

मोबाइलवर चांगले फोटो यावेत असं वाटत असेल, तर नवा फोन घेण्याआधी हे करून बघा. स्वयंपाकघरातला एक स्टीलचा पेला खिडकीपाशी ठेवा आणि त्याचे दहा वेगवेगळे फोटो काढा. झूम अजिबात वापरायचं नाही. पुढे-मागे आपणच व्हायचं. पहिले तीन-चार सगळ्यांचे सारखेच येतात. खरी मजा पुढे, काही सुचेनासं झालं की! मग आपण खाली वाकतो, पेल्याच्या मागे जातो आणि त्यात उमटलेली वाकडी खिडकी दिसते.

उजेड बाजूने येऊ द्या, ट्यूबलाइट बंद. अंधारं दृश्य कॅमेरा आपणहून उजळवतो, त्यामुळे चकाकी पांढरीफटक पडते. बहुतेक फोनमध्ये स्क्रीनवर पेल्याच्या चकाकत्या कडेवर बोट दाबून धरलं की फोकस आणि उजेड तिथेच लॉक होतो. मग बोट खाली सरकवून फोटो थोडा गडद करा. स्टीलवरचे बारीक चरेसुद्धा दिसू लागतात.

दुसऱ्या दिवशी तोच पेला संध्याकाळच्या तिरप्या उन्हात ठेवा. आणि हो, आधी लेन्स मऊ सुती कापडाने पुसा. बोटांच्या डागांमुळे फोटो हमखास धुरकट येतात.