इंग्रजीतील ‘वेअर’ हे क्रियापद कोरियन भाषकांनी कसे शिकावे

साडी नेसतात, सदरा घालतात आणि फेटा बांधतात, हा भेद मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. कोरियन भाषेत तो याहून बारीक आहे. कपड्यांसाठी ‘इप्ता’, बूट व पायमोज्यांसाठी ‘शिन्ता’, टोपी-चष्म्यासाठी ‘स्सुदा’, अंगठी व हातमोज्यांसाठी ‘क्किदा’, घड्याळासाठी ‘छादा’ आणि टायसाठी ‘मेदा’ अशी क्रियापदे तेथे रूढ आहेत. इंग्रजीत या सर्व ठिकाणी ‘वेअर’ चालते. म्हणून वहीत त्यापुढे ‘इप्ता’ एवढाच अर्थ न लिहिता माणसाची आकृती काढावी, प्रत्येक वस्तूजवळ तिचे कोरियन क्रियापद लिहावे आणि सगळ्यांभोवती एकच ‘वेअर’ लिहावे.

हे काम एका बैठकीत उरकते. खरी अडचण पुढे आहे. ‘इप्को इत्ता’ या कोरियन रचनेचे दोन अर्थ होतात: माणूस कोट अंगात चढवतो आहे, किंवा कोट त्याच्या अंगावर आहे. इंग्रजीत चढवण्याच्या क्रियेला ‘पुट ऑन’ आणि अंगावर असण्याच्या स्थितीला ‘वेअर’ म्हणतात. बाहीत हात घालत असलेल्या माणसाविषयी ‘ही इज वेअरिंग अ कोट’ म्हटले, तर ऐकणारा कोट आधीच अंगावर आहे असे समजतो. शंका आल्यास वाक्यात ‘सकाळपासून’ हा शब्द घालून पाहावा. तो बसला तर ‘वेअर’, आणि ‘पटकन’ बसला तर ‘पुट ऑन’. कोरियन घरांत बूट दाराशीच काढत असल्यामुळे सरावाची सोय आयतीच होते: बाहेर पडताना दाराशी ‘आय अॅम पुटिंग ऑन माय शूज’ आणि रस्त्यावर आल्यावर ‘आय अॅम वेअरिंग माय शूज’ असे रोज मोठ्याने म्हणावे.

त्यानंतर काळाकडे वळावे. समोरच्याच्या अंगावरील कपड्याबद्दल बोलताना कोरियनमध्ये ‘इबॉत्ता’ हे भूतकाळी रूपही चालते, आणि त्यामुळे आत्ताच्या कपड्यालाही ‘वोअर’ म्हणण्याची चूक होते. आत्ताच्या स्थितीला ‘अॅम वेअरिंग’ आणि नेहमीच्या सवयीला नुसते ‘वेअर’ वापरावे. ‘आय वेअर ग्लासेस’ म्हणणाऱ्याच्या डोळ्यांवर त्या क्षणी चष्मा असलाच पाहिजे असे नाही.

अत्तर मात्र आकृतीत सापडणार नाही. कोरियन माणूस ते ‘शिंपडतो’, इंग्रजी बोलणारा तेही ‘वेअर’ करतो. काढण्याच्या बाबतीतही कोरियनमध्ये कपडे उतरवतात, अंगठी उपसतात आणि घड्याळ सोडतात. इंग्रजीत या तिन्हींना ‘टेक ऑफ’ पुरते.