स्लीव्हचं ऑपरेशन झाल्यावर सोलापुरात राहून खायचं प्यायचं कसं

माझं वजन कमी करायचं स्लीव्हचं ऑपरेशन झालंय, पोटाचं बायपास नाही, म्हणून स्लीव्हचंच सांगते. यात पोटाचा साधारण 75 ते 80 टक्के भाग कायमचा काढतात आणि उरतं ते केळ्याएवढं नळीसारखं पोट. भूक लावणारं घ्रेलिन हार्मोन जास्त करून त्या काढलेल्या भागातच बनतं, त्यामुळं सुरुवातीला भूकच लागत नाही आणि घरचे खुश होतात की बघा किती कमी खाते, पण खरा धोका तिथंच आहे, प्रोटीन कमी पडतं. दिवसाला 60 ते 80 ग्रॅम लागतं, भूक असो नसो.

ऑपरेशनच्या आधी एक दोन आठवडे लिक्विड डाएट देतात ते लिव्हर लहान व्हावं म्हणून, चोरून खाऊ नका. मावा, तंबाखू, सिगरेट आधीच बंद करा.

नंतर पहिल्यांदा पाणी, वरणाचं गाळलेलं पाणी, मग ताक, दूध, प्रोटीन पावडर. मग मिक्सरमधून काढलेलं, मग मऊ, आणि साधं जेवण यायला सहा ते आठ आठवडे जातात. मटण खाणाऱ्यांनी चरबी काढून मटणाचं अळणी पाणी घ्या, खूप आधार वाटतो, पुढं खिमा चालतो पण मटणाचे तुकडे लवकर खाऊ नका, अडकल्यासारखं होतं. कडक भाकरी तर सगळ्यात शेवटी, तीही आमटीत कुस्करून आणि नीट चावून. ताटात आधी अंडं, पनीर, मटकी नाहीतर डाळ संपवायची, मग भाजी, जागा उरली तरच भाकरी. शेंगाचटणी मला जीव की प्राण आहे पण ती छोट्या पोटातही सहज मावते आणि कॅलरी भरपूर, म्हणून चमचाभरच.

पाण्याचं मात्र मनावर घ्या. आपल्याकडं एप्रिल मे मधे पारा 40 च्या वर असतो आणि आता तुम्हाला तांब्याभर पाणी घटाघटा पिता येणार नाही, म्हणून बाटली कायम जवळ ठेवून दिवसभर घोट घोट दीड दोन लिटर जायलाच पाहिजे, फक्त जेवताना आणि जेवल्यावर अर्धा तास नाही. सोडा, कोल्ड्रिंक नको. लघवी गडद झाली, चक्कर यायला लागली तर वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. सुरुवातीच्या दिवसांत ताप, छातीत धडधड, पोटात वाढत जाणारं दुखणं असेल तर थेट हॉस्पिटल गाठा, टाके लीक झालेले असू शकतात, रात्र आहे म्हणून सकाळपर्यंत थांबू नका.

शुगर बीपीच्या जुन्या गोळ्या तशाच चालू ठेवू नका, डॉक्टरांना विचारून डोस बदलावे लागतात. अंगदुखीला मेडिकलमधून आयबुप्रोफेन वगैरे मनानं घ्यायचं नाही, अल्सर होतो. तीन ते सहा महिन्यांत केस गळतात, बहुतेक वेळा परत येतात, घाबरू नका गं बायांनो, प्रोटीन आणि आयर्न बघा. बाळाचा विचार असेल तर 12 ते 18 महिने थांबा.

लग्नात, गड्ड्याच्या यात्रेत आग्रह होणारच, तेव्हा पोटाचं ऑपरेशन झालंय एवढंच सांगा आणि ताटात कमी वाढून घ्या.

ऑपरेशन पुण्याला केलं असेल तर इथला एक फिजिशियन धरून ठेवा, बी12, डी, कॅल्शियम, आयर्नच्या गोळ्या जन्मभर आहेत आणि रक्त तपासणीही, रिपोर्ट आणि डिस्चार्ज कार्डचे फोटो मोबाईलमधे ठेवा.