अ‍ॅक्रिलिकला भोक पाडताना बिटावर प्लॅस्टिक का बसतं

अशोक चौकाजवळच्या माझ्या दुकानात अ‍ॅक्रिलिकच्या, म्हणजे काचेसारख्या कडक प्लॅस्टिकच्या, नावाच्या पाट्या होतात. डॉक्टरांच्या, वकिलांच्या, चादरीच्या दुकानांच्या. पाटी स्टडवर, म्हणजे भिंतीवरच्या धातूच्या खुंट्यांवर, बसवायला चार कोपऱ्यांत चार भोकं लागतात, आणि अक्षरं चिकटवून सगळं झाल्यावर माल वाया जातो तो इथेच. सुरुवातीला एका दवाखान्याची ५ मिमीची पाटी माझ्या हातून अशीच गेली. तीन भोकं नीट पडली. चौथ्याला ड्रिलच्या बिटाच्या खाचेत वितळलेला गोळा बसला, बिट अडकलं, शीट वर उचलली गेली आणि कोपरा तुटला.

तेव्हा मी भीतीने अगदी हलका हात ठेवायचो. एमआयडीसीत लेथ चालवणाऱ्या एका अण्णांनी माझा चुरा बोटांत चोळून पाहिला आणि म्हणाले, "तू कापत नाहीस रे, घासतोयस."

सगळं यातच आहे. दाब कमी पडला की धार जागच्या जागी घासत राहते. लोखंडात ती उष्णता पसरून जाते, प्लॅस्टिकमध्ये तिथेच साठते. अ‍ॅक्रिलिक १०० अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि मे महिन्यात आमच्याकडे पत्र्याखालची शीट आधीच चाळीस अंशांच्या पुढे असते. कीस थोडा जाड निघाला तर उष्णता तोच बाहेर घेऊन जातो. म्हणून फेरे कमी करायचे, दाब नाही.

माझं ड्रिल मशीन मोकळं मिनिटाला २८०० फेरे घेतं. ६ मिमीच्या बिटाला मी ते हजाराच्या आसपास ठेवतो. १२ मिमीला त्याच्या निम्मं, कारण तेवढ्याच फेऱ्यांत त्याची कड दुप्पट अंतर कापते. मोजायला काही नसेल तर कीस बघा. पांढरा, सुटा तुकडा किंवा सलग फीत निघतेय तोवर ठीक. कीस गोळा होऊन चिकटायला लागला, किंवा वास आला, की बिट लगेच बाहेर. पण फिरतं ठेवूनच बाहेर काढा. भोकात थांबवलंत तर वितळलेलं प्लॅस्टिक आळतं आणि बिट आतच धरून ठेवतं.

जाड शीटला मी दोन-दोन मिलिमीटर उतरतो, पूर्ण बाहेर येतो, जुन्या टूथब्रशने खाच झाडतो, पुन्हा उतरतो. वेळ लागतो, पण १० मिमीच्या शीटला दुसरा मार्ग मला सापडलेला नाही. खाली लाकडी फळी आणि दोन सी-क्लॅम्प हवेतच. शेवटच्या मिलिमीटरला दाब थोडा सोडायचा.

थंडाव्याला साबणाच्या पाण्याचे थेंब ड्रॉपरने सोडतो. वायरवाल्या मशीनला पाणी लागता कामा नये, म्हणून थेंबच, तेही मशीन बाजूला घेऊन. थिनर किंवा स्पिरिट अ‍ॅक्रिलिकला अजिबात लावू नका, भोकाभोवती केसासारख्या भेगा पडतात. वितळलेल्या भोकात ताण राहतो, तिथे तर हमखास. पॉलिकार्बोनेट या दुसऱ्या पारदर्शक प्लॅस्टिकला तेलही नको.

बिट वेगळं ठेवा. लोखंडात किंवा भिंतीत एकदा गेलेलं बिट पाटीला लावायचं नाही. अ‍ॅक्रिलिकच्या बिटाची कापणारी कड मी आतल्या बाजूने बारीक ऑइलस्टोनवर (धारेच्या दगडावर) दोन-तीन वेळा उभी घासून घेतो. मग ती खोल ओढली जात नाही, खरवडत कापते, आणि आरपार जाताना शीट पकडत नाही. त्या बिटांच्या दांड्यावर लाल नेलपॉलिशची खूण आहे.

पॉलिथिनच्या जाड पाटाला मात्र हे बिट चालत नाही. तिथे नवी, तीक्ष्ण धारच लागते. त्याची लांब दोरी निघते आणि बिटाभोवती गुंडाळते, म्हणून थोडं-थोडं उतरून ती तोडत राहायची. सनबोर्डला, म्हणजे पीव्हीसीच्या हलक्या फोम शीटला, विशेष काही लागत नाही, फक्त फेरे कमी.

इतकं करूनही प्लॅस्टिक बसलंच तर बिट लायटरवर जाळू नका. पीव्हीसीचा धूर आम्लाचा असतो, छातीला वाईट आणि बिटालाही गंज आणतो. मशीन बंद करून प्लग काढा, बिट पूर्ण गार होऊ द्या. गार झालेलं अ‍ॅक्रिलिक ठिसूळ असतं, बांबूच्या काडीने खाचेतून अख्खं सुटून येतं. उरलेलं पितळी ब्रशने.