घर बदललं? मग मतही नव्या पत्त्यावर न्या

गिरगावातली आमची चाळ पुनर्विकासाला गेली आणि आम्ही कांदिवलीला भाड्याने बिऱ्हाड केलं. गॅसचा पत्ता बदलला, बँकेचा बदलला, आईच्या पेन्शनचाही बदलला. मतदार यादी मात्र कुणाच्याच ध्यानात आली नाही. निवडणुकीच्या दिवशी आई सकाळची लोकल पकडून जुन्या केंद्रावर गेली, दीड तास रांगेत उभी राहिली आणि ‘यादीत नाव नाही’ ऐकून परत आली. ओळखपत्र तिच्या हातातच होतं.

तेव्हा हे आधी पक्कं करा: नुसतं ओळखपत्र असून चालत नाही, यादीत नाव लागतं.

एका मताने काय होणार, असं म्हणणाऱ्यांना मी मुंबईचेच दोन निकाल सांगते. २०१७ च्या महापालिका निवडणुकीत प्रभाग २२० मध्ये दोन उमेदवारांना अगदी सारखी मतं पडली आणि नगरसेवक चिठ्ठी काढून ठरला. २०२४ च्या लोकसभेला मुंबई उत्तर-पश्चिमचा निकाल लागला ४८ मतांनी. आपल्याकडच्या एका चाळीत याहून जास्त मतदार असतात.

१. नाव शोधा, आणि आजच शोधा

निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा संकेतस्थळावर ओळखपत्राचा क्रमांक टाका. नावाने शोधताना स्पेलिंग चुकलं तर नाव सापडेलच असं नाही, म्हणून क्रमांकच बरा. इंटरनेट जमत नसेल तर १९५० वर फोन करा. घरातल्या प्रत्येकाचं नाव वेगवेगळं तपासा, नवऱ्याचं आहे म्हणून बायकोचं असेलच असं नाही.

२. योग्य नमुना (फॉर्म) भरा

इथे बरेच जण चुकतात. घर बदललं की लोक नव्याने नोंदणी करायला जातात आणि नाव दोन ठिकाणी लागतं. कायद्याने एका माणसाचं नाव एकाच ठिकाणी असू शकतं. आधीपासून नोंद असेल तर पत्ता बदलण्यासाठी नमुना ८ भरायचा. मतदारसंघ बदलला असला तरी हाच चालतो, आणि नाव-वयातली दुरुस्तीही यातच होते. नमुना ६ पहिल्यांदा नोंदणी करणाऱ्यांसाठी. त्यासाठी १८ वर्षं पूर्ण झाली का हे पाहायला आता वर्षात चार तारखा धरतात: १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर. लेक जूनमध्ये १८ वर्षांची झाली तर पुढच्या जानेवारीपर्यंत थांबायची गरज नाही.

पत्त्यासाठी आधार, बँकेचं पासबुक किंवा नोंदणी केलेला भाडेकरार चालतो. भाडेकरूला मत नसतं हा निव्वळ गैरसमज आहे. जिथे राहता तिथले तुम्ही मतदार.

पुनर्विकासातल्या कुटुंबांना माझा खास आग्रह आहे. ‘दोन वर्षांत परत जाऊ’ म्हणत आपण थांबतो, आणि ती दोन वर्षं कशी लांबतात ते मुंबईकराला सांगायला नको. कायदा तात्पुरतं बाहेर राहणाऱ्याचं नाव काढायला सांगत नाही, हे खरं. पण पडताळणीला आलेल्या बीएलओला (मतदान केंद्राची यादी सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याला) पाडलेल्या इमारतीच्या जागी पत्र्याचं कुंपणच दिसतं. शिवाय पालिका निवडणुकीला विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे लावतात. पाणी कांदिवलीचं भरायचं आणि नगरसेवक गिरगावचा निवडायचा, यात आपलंच नुकसान आहे.

३. अर्जाचा पाठपुरावा करा

अर्जाचा संदर्भ क्रमांक लिहून ठेवा. बीएलओ घरी येऊ शकतात, तेव्हा शेजारी किंवा वॉचमनकडे निरोप ठेवा. लोकसभा-विधानसभेला उमेदवारी अर्जांची शेवटची तारीख गेली की त्या निवडणुकीपुरती यादी बंद होते, म्हणून ही कामं निवडणूक लांब असतानाच उरकावीत.

४. मतदानाच्या दिवशी

केंद्र आदल्या दिवशीच पाहून ठेवा. मोबाईल आत नेता येत नाही. बटण दाबल्यावर व्हीव्हीपॅट (कुणाला मत पडलं त्याची चिठ्ठी दाखवणारं यंत्र) असेल तिथे काचेमागे ७ सेकंद चिठ्ठी दिसते, ती नीट वाचा. लोकसभा-विधानसभेला भरपगारी सुट्टी हा खासगी नोकरदाराचा आणि रोजंदारीवाल्याचाही हक्क आहे.

तुमच्या नावावर आधीच कुणी मत दिलं असेल तर मुकाट्याने परतू नका. केंद्राध्यक्षांना भेटा, ओळख पटवा आणि ‘प्रदत्त मत’ मागा. ते कागदी मतपत्रिकेवर घेऊन वेगळ्या पाकिटात ठेवतात. नेहमीच्या मोजणीत ते धरत नाहीत, पण निकाल अटीतटीचा होऊन कोर्टात गेला तर ते कामी येऊ शकतं. वेळ संपताना रांगेत असाल तर जागा सोडू नका, तेव्हा रांगेत असलेल्या प्रत्येकाला मत देता येतं.